कुलाब्याची सुई: कॉलेज करता करता विज्ञान कादंबरी (प्रगती, शंका, चर्चा)

अप_लोकल (जुलै 2024)

नमस्कार. मी एसवाय बीएससीला आहे, विषय भौतिकशास्त्र, रोज कळवा ते सीएसएमटी. गेल्या वर्षापासून एक विज्ञान कादंबरी लिहितेय. मराठीत, आणि मुंबईतच घडणारी. इथे लिहिणारे बरेच आहेत आणि वेगवेगळ्या क्षेत्रांत आयुष्य घालवलेलेही आहेत. लिखाण पुढे सरकेल तसं या धाग्यावर टाकत जाईन, अडलं की विचारीन.

कादंबरीचं बीज एका खऱ्या नोंदीत आहे. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. डागांच्या एका समूहावर त्याला अचानक लख्ख पांढरा उजेड दिसला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं आणि युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. हे सगळं पुस्तकात येतं. पण त्याच वादळात आपल्या कुलाबा वेधशाळेत आडवं चुंबकीय बल (पृथ्वीच्या चुंबकत्वाची क्षितिजाला समांतर ओढ) जवळपास 1600 नॅनोटेस्लांनी (हे त्याचं एकक) खाली आल्याची नोंद आहे, हे मला कॉलेजात येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. इथलं एकूण आडवं बल साधारण 38 हजार. त्यातले चार टक्के काही तासांत नाहीसे झाले आणि परत आले. आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळाबद्दल लिहिताना कुलाब्याचा आलेख काढून बसतात.

मला त्यातली माणसं हवी आहेत. तेव्हा आपोआप नोंद करणारं यंत्र तिथे नव्हतं. टांगलेलं चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, थोड्या अंतरावर दुर्बीण. दुर्बिणीला डोळा लावायचा, आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एरवी तासातासाला, सुई अस्वस्थ झाली की काही मिनिटांच्या अंतराने. 1840 च्या दशकात गणिती केरोपंत छत्रे याच वेधशाळेत सहायक होते, म्हणजे अशा कामावर मराठी माणसं होती. 1859 च्या त्या दिवशी दुर्बिणीशी कोण बसलं होतं ते मी कल्पनेने लिहितेय.

कथानकाचा दुसरा धागा 2036 मधला. तसंच वादळ पुन्हा येतं आणि माझ्याच वयाची एक मुलगी, सगुणा, पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत प्रकल्प करत असते. तीन प्रकरणं झाली आहेत. चौथ्यात मला सगळी मुंबई अंधारात घालवायची आहे. पहिली शंका हीच: सौर वादळाने मुंबईची वीज खरंच जाईल का?

वाचनखिडकी

विषय फार आवडला. वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

उपकेंद्र_निवृत्त

अप_लोकल, वीज कंपनीत आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं 400 केव्हीच्या उपकेंद्रांत. जरा सविस्तर सांगतो, कारण तू नीट विचारलंयस.

वादळात जमिनीत जो विद्युतदाब तयार होतो तो मिनिटामिनिटांनी बदलतो. आपल्या 50 हर्ट्झच्या यंत्रणेच्या हिशोबाने तो डीसीच. लांब वाहिनीच्या एका टोकाच्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून, म्हणजे जमिनीला जोडलेल्या टोकातून, हा प्रवाह वर चढतो आणि दुसऱ्या टोकाच्या न्यूट्रलमधून जमिनीत उतरतो. त्याने ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्यात संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही. ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदलतो, एरवीची घुमघुम कर्कश होते. हार्मोनिक्स, म्हणजे 50 च्या पटीतल्या नको त्या लहरी, येतात, रिअॅक्टिव्ह पॉवरची (व्होल्टेज टिकवायला लागते ती) मागणी वाढते, व्होल्टेज बसतं आणि रिले, म्हणजे वाहिनी तोडणारी संरक्षक यंत्रं, पडायला लागतात. 13 मार्च 1989 ला कॅनडात क्वेबेकचं जाळं असंच दीडेक मिनिटात कोसळलं. साठ लाख लोक, नऊ तास.

पण क्वेबेक ध्रुवाकडे आहे. तिथल्या खडकातून वीज सहज वाहत नाही, म्हणून ती तारांचा रस्ता धरते. आणि त्यांच्या 735 केव्हीच्या वाहिन्या प्रचंड लांब. मुंबई 19 अंशांवर. ध्रुवांकडच्या आकाशात वाहणारे विजेचे प्रवाह इथे डोक्यावर येत नाहीत. 1600 चा धक्का आला तर आम्ही नियंत्रण कक्षात उभे राहू, काही रिले पडतीलही. पण ट्रान्सफॉर्मर पेटले, महिनाभर अंधार, हे मला पटणार नाही.

शहर अंधारात जायला सूर्यही लागत नाही म्हणा. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्यांची गडबड झाली. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या जाळ्यापासून स्वतःला तोडून ट्रॉम्बे-डहाणूच्या विजेवर तग धरायचा, त्याला आयलँडिंग म्हणतात. त्या दिवशी ते जमलं नाही आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तू कळव्याची आहेस, तुला आठवत असेल.

टॉवरखाली

काकांना अनुमोदन. मी मोबाइल नेटवर्कमध्ये आहे, त्यामुळे माझा सल्ला वेगळा. विजेच्या मागे लागू नकोस, वेळेच्या मागे लाग.

टॉवरला घड्याळ लागतं आणि बहुतेक ठिकाणी ते जीपीएसवरून येतं. आताच्या नेटवर्कमध्ये शेजारच्या टॉवरांची वेळ मायक्रोसेकंदाच्या हिशोबात जुळावी लागते. दीड मायक्रोसेकंदाच्या वर फरक गेला की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळतं. जीपीएस गेलं तर टॉवर लगेच मरत नाही, आतलं घड्याळ काही तास सांभाळून नेतं. आम्ही त्याला होल्डओव्हर म्हणतो. ते संपेपर्यंत बाहेरून सगळं ठीक दिसतं.

आणि आपण विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेला असल्यामुळे आपल्यावरचं आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) एरवीही खट्याळ आहे. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुडे उठतात आणि जीपीएसचा सिग्नल लुकलुकतो. वादळाच्या दिवशी काय होईल याची तुझ्या कादंबरीत तूच मालक.

अप_लोकल

काका, दादा, तुम्ही दोघांनी मिळून माझं चौथं प्रकरण बदललंत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत घड्याळ सरकत जातं, यात अंधारापेक्षा कितीतरी जास्त गोष्ट आहे. सकाळी वादळ, संध्याकाळी जीपीएसची लुकलुक, रात्री टॉवर एकेक करून बहिरे. आता प्रकरणांना वेळापत्रक मिळालं.

तिसरी_घंटा

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण स्पष्ट बोलतो. विशीच्या आत कादंबरी घेऊ नये. दहा कथा लिही, त्यातल्या दोन छापून येऊ देत, मग बघ. अर्ध्यात सोडलेल्या कादंबऱ्यांच्या वह्या घरोघरी पडल्यात. शिवाय परीक्षा आहेत. विषय राहून केटी लागली की लिखाणाची हौस घरचेच बंद करतात.

अप_लोकल

दादा, कथा लिहिते आहेच, सोडलेल्या नाहीत. पण ही गोष्ट कथेत मावत नाही. दोन काळ आहेत, आणि एकातल्या नोंदीचा दुसऱ्यात उपयोग व्हायचा तर वाचकाला ती वही हातात धरायला पुरेशी जागा हवी. अभ्यासाचं म्हणाल तर या सेमिस्टरला विद्युतचुंबकत्वच आहे. लेक्चरला बसते तेव्हा कादंबरीच शिकत असते. लिहायचा वेळ लोकलमध्ये मिळतो. सकाळी उभ्याने काही होत नाही, परतीला मुलुंडनंतर जागा मिळाली तर कळव्यापर्यंत एक-दोन परिच्छेद फोनवर होतात. रविवारी ते वहीत उतरवून काढते, आणि उतरवताना निम्मं वाक्य बदलतं. जर्नल सर्टिफाय करायचे आठवडे आणि प्रॅक्टिकलचे दिवस लिखाण बंद.

नाखवा_वेसावे

मी होडीवाला, लिहिणारा नाय. पन वाचला सगला. पोरी, तुझ्या गोष्टीत होकायंत्राची सुई गरगर फिरते असा लिव्हलायस का? सिनेमात फिरते तशी?

अप_लोकल

नाही नाखवा. हिशोब करून पाहिला. 1600 चं बल अगदी पूर्व-पश्चिम लागलं तरी सुई दोन-अडीच अंश वळेल, आणि कुलाब्यात घसरण झाली ती बलाची, त्यात दिशा फारशी बदलत नाही. साध्या होकायंत्राकडे बघणाऱ्याला काहीही कळणार नाही. म्हणूनच तो आरसा आणि दुर्बीण. सगळं शहर आपापल्या कामात आहे आणि एका खोलीतल्या एका माणसालाच ठाऊक आहे की काहीतरी फार मोठं चाललंय, हेच मला लिहायचंय.

नाखवा_वेसावे

बरा केलास. आमच्याकडे आता जीपीएस आनि फिशफाइंडर, होकायंत्र खोक्यात. तरन्या पोरांना जीपीएसशिवाय जाली कुठे टाकलीत ती सापडनार नाय. जुनी मानसा किनाऱ्यावरच्या खुना धरून यायची, डोंगर नि देवळाचा कलस एका रेषेत आला का वळायचा. तुझ्या 2036 मधे असा एखादा म्हातारा ठेव.

अप_लोकल

ठेवते. नक्की ठेवते.

अप_लोकल (नोव्हेंबर 2024)

धागा वर काढतेय. सेमिस्टर संपली, सगळे विषय सुटले. सहा प्रकरणं झाली. 1859 मधल्या एका प्रसंगाचा तुकडा देते, कठोर वाचा.

"त्याने डोळा दुर्बिणीला लावला आणि लगेच काढला. काच पुसली. पुन्हा लावला. पट्टीवरचे आकडे तिथे नव्हते जिथे ते काल होते, परवा होते, तो इथे लागल्यापासून होते. पट्टी सरकत होती. त्याने आकडा मनात धरला, वहीकडे वळला, आणि लिहून होईपर्यंत आकडा जुना झाला होता. साहेब बंगल्यावर होते. बोलवायला जायचं तर दुर्बीण सोडावी लागणार. त्याने शिपायाला हाक मारली, स्वतः हलला नाही. खिडकीबाहेर ऊन पडलं होतं, समुद्र नेहमीसारखा होता. त्याने पुढचा आकडा लिहिला, त्याच्याखाली आणखी एक. चौथ्या आकड्याला टाक कोरडा पडला तेव्हा त्याने शाईसाठी हात पुढे केला, पण डोळा काढला नाही."

वाचनखिडकी

शेवटचं वाक्य ठेव, त्याला हात लावू नकोस. "काल होते, परवा होते, तो इथे लागल्यापासून होते" हेही सुरेख. तक्रार दुसऱ्या प्रकरणाची आहे, जे तू मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंस. त्यात सगुणा मैत्रिणीला सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र दोन पानं समजावते. मैत्रीण फक्त "मग?" आणि "बाप रे" म्हणते. कुणी कुणाशी असं बोलत नाही. चक्र वाचकाला कळायला हवं हे मान्य, पण ते एखाद्या कामातून येऊ दे, भांडणातून येऊ दे. तुझा 1859 मधला सहायक काहीही समजावत नाही आणि मला सगळं समजतं.

दुसरं म्हणजे, तू प्रसंगाला सकाळचं ऊन ठेवलंस, त्याचं नवल वाटलं. अशा गोष्टी लोक रात्रीच्या घालतात.

अप_लोकल

ताई, कुलाब्याची सुई कोसळली तीच मुळी सकाळी, साधारण अकराच्या सुमारास. रात्र घातली असती तर आकाशातली लाल प्रभा मिळाली असती, पण मग ती कुलाब्याची गोष्ट राहिली नसती. दुसरं प्रकरण मोडून लिहितेय. सगुणाचं आणि तिच्या मार्गदर्शक बाईंचं भांडण होणार आहे, प्रकल्पाला सूर्याचं कुठलं वर्ष निवडायचं यावरून.

पंचांगी

एक गोष्ट कुणी पाहिली का? 2 सप्टेंबर 1859 च्या आधी काही दिवसच अमावास्या झाली होती, म्हणजे भाद्रपदाचा शुक्ल पक्ष. गणपतीचे दिवस. सार्वजनिक उत्सव 1893 चा, तेव्हा तो नव्हता, पण घरोघरी गणपती होतेच. तुमचा सहायक ब्राह्मण असो की पाठारे प्रभू, त्याच्या घरी त्या आठवड्यात काय चाललं असेल बघा.

अप_लोकल

हे वाचून मी ठाण्याला उतरले आणि प्लॅटफॉर्मवर बसून लिहिलं. त्याच्या घरी गणपती आहेत, त्याला आरतीला जायचंय, आणि तो दुर्बीण सोडू शकत नाही. आणि 2036 मध्ये? वादळ अनंत चतुर्दशीला आणते. गिरगाव चौपाटी, लालबागची मिरवणूक, लाखो माणसं रस्त्यावर, सगळ्यांचा भरवसा फोनवर. होल्डओव्हर संपायला येतं ते बरोबर विसर्जनाच्या रात्री.

टॉवरखाली

विसर्जनाला आम्ही चौपाटीवर जादा फिरते टॉवर लावतो. त्यांचंही घड्याळ जीपीएसचंच. अंगावर काटा आला.

अप_लोकल (जून 2025)

मे महिन्यात जयंत नारळीकर सर गेले. धाग्यावर लिहायला तेव्हा हात उचलला नाही. 1974 मध्ये ते मुंबईतच टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) होते, मोठे शास्त्रज्ञ म्हणून नाव झालेलं होतं, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नावावर तोलली जाऊ नये, कथा म्हणून तोलली जावी, एवढीच त्यांची इच्छा. मला ही गोष्ट या वर्षभर पुरली आहे.

माझी बातमी: कादंबरीतला कुलाब्याचा भाग स्वतंत्र कथा म्हणून बांधून एका दिवाळी अंकाला पाठवला होता, तो स्वीकारला. संपादकांनी कळवताना एकच बदल सुचवला, साहेबाचा संवाद कमी करा. तो केला. दुसरीकडे एका प्रकाशकाने कादंबरी न वाचताच, छपाईचा खर्च भरलात तर दोन महिन्यांत पुस्तक हातात, असं सांगितलं. नाही म्हटलं.

आणि हिवाळ्यात आम्ही वर्गातली काही मुलं परवानगी काढून अलिबागला जाऊन आलो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची मापनं बिघडणार हे उघड होतं, म्हणून 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा खाडीपल्याड अलिबागला नेली. तेव्हा प्रमुख होते नानाभाई मूस. दोन वर्षं दोन्हीकडे सोबत मोजत राहिले, जुनी नोंद नव्या नोंदीला जुळावी म्हणून. इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. आम्हाला मोबाइल, किल्ल्या, कमरेचे पट्टे बाहेर ठेवायला लावले. आत थंडावा आणि भिंती जाड. तिथल्या एका कर्मचारी काकांनी सांगितलं की नोंद एक दिवसही तुटू द्यायची नाही, बाकी सगळं त्यानंतर. ते वाक्य मी सगुणाच्या बाईंना दिलं आहे.

तिसरी_घंटा

दिवाळी अंकाबद्दल अभिनंदन, मनापासून. पैसे भरून छापू नकोस, अगदी बरोबर केलंस. कादंबरीबद्दलचं माझं मत मी मागे घेत नाही, पण ही कादंबरी पूर्ण व्हावी असं आता वाटतंय.

उपकेंद्र_निवृत्त

दोन वर्षं समांतर मोजणी! आमच्याकडेही नवा मीटर लावला की जुना काही काळ सोबत ठेवायचो. छान वाटलं वाचून.

अप_लोकल (मार्च 2026)

टीवायचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. पहिला खर्डा पूर्ण झाला. शेवटाबद्दल बराच काळ अडले होते. आधी सगुणा शहराला वाचवते असा शेवट होता, तो काढला. एका विद्यार्थिनीच्या हातात तेवढं नसतं. ती पनवेलला बसून नोंद चालू ठेवते. नेटवर्क गेल्यावर आकडे बाहेर पाठवायचा मार्ग उरत नाही, तेव्हा हाताने वहीत. विसर्जनाची गर्दी चौपाटीवरून सुखरूप घरी नेतात ती पोलीस, होमगार्ड, मंडळांचे स्वयंसेवक आणि नाखवांनी सुचवलेला तो म्हातारा, जो काळोखात होड्यांना खुणांवरून आत घेतो. मी ते प्रकरण लिहिताना रडले.

काका, एक प्रश्न राहिला. माझ्या कादंबरीत त्या सकाळी कळव्याच्या उपकेंद्रातला ऑपरेटर ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदललेला ऐकतो. त्याला यार्डात उभ्याने ते कळेल, की नियंत्रण कक्षातल्या मीटरवर आधी दिसेल?

उपकेंद्र_निवृत्त

मुंबईच्या अक्षांशावर बदल बारीक असेल, मीटरवर तो नेहमीच्या चढउतारात दडून जाईल. जुन्या ऑपरेटरच्या कानाला मात्र लागेल, विशेषतः सकाळच्या फेरीत तो त्याच यार्डातून रोज जात असेल तर. तो थांबेल, पंखे बघेल, तेलाचं तापमान बघेल, सगळं ठीक असेल. मग तो लॉगबुकात एक ओळ टाकेल: "टी-2 आवाज वेगळा", आणि वेळ. आम्ही असंच करायचो. त्या ओळीखाली सही असते, ती विसरू नकोस.

अप_लोकल

सही आणि वेळ, दोन्ही घेतले. आता परीक्षेपर्यंत लिखाण बंद. मेमध्ये दुसरा खर्डा सुरू करेन. 1859 ची प्रकरणं वाचनखिडकीताई आणि पंचांगी यांना, टॉवरची टॉवरखाली दादांना, समुद्राची नाखवांना पाठवते. आणखी कुणाला वाचायची असतील तर व्यनि करा, पण बारीक वाचा आणि खटकेल तिथे खूण करून परत द्या.

नाखवा_वेसावे

पाठव. फोनवर बारीक दिसतंय, नातवाकडून मोठ्याने वाचून घेईन. भरती-ओहोटीची वेळ लिवली असशील तर ती आधी बघतो. अनंत चतुर्दशी म्हंजे पुनवेचा आदला दिवस, पानी मोठा असतो. होड्या आत कधी घेता येतात नि कधी नाय ते त्यावरच हाय.